तारेच्या अर्जाला लागलेले साठ अंगठे

अर्ज लिहिण्याच्या व्यवसायात अंगठे आधी येतात आणि मजकूर नंतर येतो. शहरातल्या सुशिक्षितांना ही रीत उलटी वाटते. परंतु ज्याने वैजापूरच्या बाजूच्या एखाद्या वस्तीवरून, आधी जीपच्या मागच्या फळीवर आणि मग एसटीत उभे राहून, भर उन्हात जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन पाहिले आहे, त्याला ती उलटी वाटणार नाही. साठ माणसांना मजकूर ऐकवण्यासाठी शहरात आणता येत नाही. म्हणून गावचा जाणता माणूस कोऱ्या कागदावर गावाचे नाव घालून त्याखाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतो, ते कागद माझ्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मुन्शी, वरचं तुमी बघा." मग वरचे मी बघतो. मजकूर लिहून झाला की दाभणाने भोक पाडून, हिरवा टॅग ओवून, अंगठ्यांचे कागद त्याला जोडतो. एवढा विश्वास लोक वकिलावर टाकत नाहीत, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे आहे. दहावीच्या गणिताने माझ्याशी जे वैर धरले ते अखेरपर्यंत सोडले नाही. मात्र भाषेच्या बाबतीत मी कोणाचे ऐकून घेत नाही. सरकारी कचेऱ्यांसमोरच्या कडुलिंबाखाली माझे टेबल गेली कित्येक वर्षे आहे. आवक-जावक पाहणारे एक कारकून एकदा मला म्हणाले होते, "मुन्शी, तुमचा अर्ज बसून वाचवत नाही." त्यांचे वाक्य मी प्रशंसा म्हणूनच स्वीकारले आणि आजही तसेच समजतो.

ज्या दिवसांविषयी मी लिहीत आहे ते सलग दुसऱ्या दुष्काळाचे होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. पुढे ते छत्रपती संभाजीनगर झाले आणि माझ्याकडचे छापील मथळ्यांचे दोन गठ्ठे पाठकोरे म्हणून वापरावे लागले. शहर त्या काळात विलक्षण वेगाने वाढत होते. छावणी भागातल्या माझ्या घराच्या गच्चीवरून पूर्वी डोंगर दिसत असे, तिथे आता इमारतींचे सांगाडे दिसू लागले. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नसे, पण नव्या इमारतींच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव मात्र हटकून असे. आणि त्याच सुमारास दोन वार्ता एकदम आल्या. एक, मुंबईहून नागपूरकडे बुलेट ट्रेन न्यायचे घाटते आहे आणि ती आपल्या जिल्ह्यातून जाईल. दुसरी, प्रत्येक ग्रामपंचायतीत काचेच्या धाग्याची तार, म्हणजे फायबर, येणार आहे आणि मग कोणालाही कोणत्याही कागदासाठी शहरात यावे लागणार नाही.

दुसरी वार्ता ऐकून माझ्या शेजारी टेबल टाकून बसणारे मुद्रांक विक्रेते मनापासून हसले. ते जुन्या शहरातले, बोलणे दखनी वळणाचे.

"मुन्शीजी, ये तार आयी तो तुमकू कौन पूछता? तुम्हारा टेबल मेरे कू दे देव, मैं पाँव रखने कू लेतूं."

मी माझे टेबल थोडे स्वतःकडे ओढून घेतले. परंतु खरे सांगायचे तर त्या दिवसापासून मी रेल्वेच्या बाजूचा झालो. मुळातही मी रेल्वेचाच माणूस. आमच्या स्टेशनात छोटी लाईन जाऊन मोठी लाईन आली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. रेल्वे दिसते. तिला हार घालता येतो, तिच्यापुढे नारळ फोडता येतो, तिच्यासोबत छायाचित्र काढता येते. दोन हात खोल पुरलेल्या तारेला हार कोण घालणार? सार्वजनिक पैसा कुठे जावा हा प्रश्न निघाला की माणूस डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवतो. मीही तेच केले.

अशातच एका सोमवारी माझ्याकडे एक म्हातारबाबा आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आवाज उघड्या रानात वापरण्याच्या सवयीचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणाऱ्या एका वस्तीतले ते वडीलधारे होते. त्यांनी पिशवीतून कागद काढले. तीन कागदांवर मिळून साठ अंगठे, सर्वांत वर त्यांचा स्वतःचा.

"मुन्शी, टेशन पायजे."

"कसले स्टेशन?"

"बुलेटचं. आमच्या माळावरून आकाशातनं मोजणी झाली म्हनत्यात. गाडी जाती तर मंग थांबाया काय व्हतंय?"

मी त्यांना वेगवान गाडीचे तत्त्व समजावून सांगितले, की ती थांबू लागली तर वेगवान राहणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमी लिवा तर खरं. नाय म्हनाया ते बसलेच हायेत तिकडं."

मी फी घेतली आणि कागद ठेवून घेतले. निघताना ते खाली वाकून हळू आवाजात, म्हणजे इतरांच्या मोठ्या आवाजात, म्हणाले, "आन हे बघा, आमच्या सूनबाईच्या कानावर जाऊ देऊ नका. ती तारवाली हाय."

सूनबाई कोण, हे मला तिसऱ्या दिवशी कळले, कारण बुधवारी त्या स्वतःच आल्या. तिशीच्या आतल्या बाई, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये एकच कागद, त्यावर बचत गटातल्या सहा बायकांच्या सह्या. अंगठा एकही नाही, हे त्यांनी मला आवर्जून दाखवले.

"भाऊ, मला ग्रामपंचायतीत सेवा केंद्राची मंजुरी मिळाली हाय. तारेचा डबा भिंतीला लागला. पन वरीस झालं, तार मुकी हाय. कुठं तुटली कोनाला ठाव नाय. मोबाईलची रेंज म्हनाल तर देवळाच्या टेकडीवर चढल्यावर एक काडी. जूनअखेर लाईन चालू झाली नाय तर केंद्र खालच्या गावाला जानार."

"आणि गेले तर?"

"तर दिवाळी झाली की मी मेंढरांमागं. आमचं मानूस तर जातंच, मला बी जावं लागतंय. सहा महिने रानोमाळ. लेक पहिलीत हाय. गेल्या साली बी तिची शाळा अर्धीच झाली."

एवढेच त्या बोलल्या. रडल्या नाहीत. मग फाईलचे बटण लावत म्हणाल्या, "आमच्या मामंजींना सांगू नका मात्र. ते रेल्वेच्या नादात हायेत. म्हनत्यात, डब्याफुडं बसून कोनाचं पोट भरलंय?"

एकाच घरातले दोन अर्जदार, एकमेकांपासून लपून, एकाच मुन्शीकडे. असा योग माझ्या कारकिर्दीत पूर्वी आला नव्हता. दोघांचीही फी घेतलेली, दोघांनाही शब्द दिलेला. मी दोन्ही अर्ज एकाच दिवशी लिहायला घेतले, जेणेकरून पक्षपात होऊ नये.

स्टेशनाचा अर्ज सहज झाला. विषय मनासारखा होता. अडचण आली ती तारेच्या अर्जात, कारण त्यात मला स्वतःच्या आवडीविरुद्ध लिहायचे होते. पहिले दोन परिच्छेद कोरडे झाले. मग मला ती पहिलीतली मुलगी आठवली, जिला मी पाहिलेही नव्हते, आणि लेखणी आपोआप चालू लागली. मी लिहिले की, शासनाने हजारो कोटी खर्चून गाडी अवश्य आणावी, परंतु तत्पूर्वी जी तार आणून ठेवलेलीच आहे ती जोडण्याचे लहानसे काम करावे. आणि शेवटी लिहिले, "रेल्वे ही जाणाऱ्यांची सोय आहे, तार ही राहणाऱ्यांची सोय आहे, आणि महोदय, आम्हांस राहावयाचे आहे."

हे वाक्य लिहून झाल्यावर मी खुर्चीतच सरळ झालो. इतके चांगले वाक्य माझ्याच्याने यापूर्वी झाले नव्हते. मी शेजाऱ्यांना हाक मारली आणि संपूर्ण अर्ज उभ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता एका हाताने दाभण चालवत होतो, टॅग ओवत होतो. इतक्या वर्षांची सवय. त्यासाठी खाली पाहावे लागत नाही.

शेजाऱ्यांनी अर्ज संपेपर्यंत शिक्का हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "मुन्शीजी, अपनेच पाँव पे पत्थर डाल रै. लेकिन क्या नक्षीदार पत्थर है!"

त्याच तृप्तीत मी एक अर्ज तालुक्याच्या पंचायत कार्यालयाकडे आणि दुसरा रेल्वेकडे रवाना केला, पोच घेतली, आणि स्थळप्रती, म्हणजे माझ्याकडच्या नकला, पिशवीत ठेवून दिल्या.

तीन आठवड्यांनी म्हातारबाबा पुन्हा आले. या वेळी धोतर धुतलेले, फेटा नवा.

"मुन्शी, जमलं! ग्रामपंचायतीत सांगावा आलाय, गुरवारी साहेब येनार हाय, मौक्यावर. टेशनाची जागा बघाया. तुमी बी चला. इंग्रजी शब्द निघाला तर कोनीतरी पायजे."

रेल्वेचे खाते इतक्या तातडीने हलेल यावर माझा विश्वास नव्हता. परंतु अर्जाची भाषा उत्तम होती, तेव्हा अशक्यही वाटले नाही. गुरुवारी मी स्वच्छ सदरा घालून निघालो. तालुक्याला एसटीतून उतरल्यावर म्हातारबाबा भेटले आणि आम्ही वस्तीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. त्यांनी सोबतच्या उतारूंना स्टेशन कुठे होणार, पाण्याची टाकी कुठे, चहाची टपरी कोणाची, हे सांगायला सुरुवात केली. मी साहेबांपुढे उद्धृत करता यावे म्हणून पिशवीतून स्थळप्रती काढल्या.

स्टेशनाच्या अर्जामागे बचत गटाच्या सहा बायकांच्या सह्यांची नक्कल होती.

मी ती प्रत खाली ठेवली आणि दुसरी उचलली. तारेच्या अर्जामागे साठ अंगठे होते. सर्वांत वर म्हातारबाबांचा, चांगला ठळक, रेषान्‌रेषा उमटलेला.

माझ्या हयातीत मी पुष्कळ अर्ज जोडले. जीपमध्ये त्या क्षणी मला जे वाटले ते मात्र कोणत्याही अर्जात मांडता येण्यासारखे नाही. येणारा साहेब रेल्वेचा नव्हता. तो पंचायत कार्यालयाकडून तारेसाठी येत होता, आणि बुलेट ट्रेनच्या आधी तार द्या असे सांगणाऱ्या साठ माणसांचा म्होरक्या माझ्या शेजारी बसून टपरीची जागा ठरवत होता.

"काय झालं मुन्शी? गाडी लागती का?"

"नाही," मी म्हणालो. "ऊन आहे."

"खिडकीत बसा. बुलेटमधी तर खिडकी उघडत बी नाय म्हनत्यात."

सांगावे की न सांगावे, या विचारात वस्ती आली.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. साहेब आधीच आले होते. तरुण, घामाने डबडबलेले, मांडीवर माझा अर्ज. सूनबाई कपबशा मांडत होत्या. त्यांच्या मते साहेब त्यांच्या सहा सह्यांवर आले होते. सासऱ्यांच्या मते साहेब त्यांच्या साठ अंगठ्यांवर आले होते. दोघांनी एकमेकांकडे ज्या विजयी मुद्रेने पाहिले, ती मी विसरू शकत नाही. आजूबाजूला निम्मी वस्ती जमली होती.

साहेबांनी अर्ज उघडला. "यात पहिला अंगठा कोणाचा आहे? वस्तीतले वडीलधारे कोण?"

"आपलाच," म्हातारबाबा पुढे झाले.

"आजोबा, तुम्ही फार वेगळं लिहिलंय. मी पुष्कळ अर्ज पाहतो, पण बुलेट ट्रेनच्या खर्चाआधी आमची तार जोडा, असं कोणी लिहीत नाही. हे तुमचंच म्हणणं आहे ना?"

 सूनबाई किटली हातात धरून सासऱ्यांकडे पाहत राहिल्या. म्हातारबाबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी वर आढ्याकडे पाहिले.

इथे वाचकांस एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. त्या वस्तीचे पोट मेंढरे बसवण्यावर चालते. कोणाच्या वावरात किती रात्री कळप बसणार, त्या खताच्या बदल्यात धान्य किती, हा सगळा व्यवहार तोंडी होतो आणि फार झाले तर चिठ्ठीवर अंगठ्याने होतो. जो माणूस एकदा चार लोकांत म्हणेल की हा अंगठा माझा नाही, त्याच्या मेंढरांना पुढच्या मोसमात कोणी वावर देत नाही. म्हातारबाबा भावाशी भांडले असते, जमीन नाकारली असती, मला काठीने बडवले असते, पण अंगठा नाकारणे त्यांना शक्य नव्हते.

"व्हय," ते म्हणाले. "अंगठा माझाच."

"म्हणजे तुम्हाला रेल्वे नको?"

"नको असं नाय." त्यांनी खाली बसून काठी आडवी ठेवली. वेळ काढत होते, हे मला दिसत होते. "साहेब, ती गाडी जानार कशावरनं?"

"खांबांवरून जाते. काही ठिकाणी जमिनीवरून, दोन्ही बाजूंनी पक्कं कुंपण."

"पक्कं?"

"अगदी मांजर जाणार नाही असं."

म्हातारबाबांचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांच्या स्टेशनाच्या विचारात कुंपण त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. "मंग माझी मेंढरं कुठनं जायची? गंगापूरच्या अंगाला, उसाच्या रानात, आमी बापजाद्यापासनं ह्याच माळावरनं जातो."

"पूल असतील. वळसा पडेल थोडा."

"थोडा म्हंजी?"

"ते आत्ता कसं सांगणार?"

"आन ही तार? हिला कुंपन?"

"तिला कसलं कुंपण? दोन हात खाली पुरलेली असते."

"म्हंजी मेंढरू तिच्यावरनं चाललं तर तिला कळत नाय."

"नाही."

"आन मेंढराला बी कळत नाय." ते जमलेल्या लोकांकडे वळले. आता त्यांचा आवाज रानातला झाला होता. "ऐका रं! गाडी इथं थांबनार नाय. आपल्याला तिचा नुसता वारा लागनार. उन्हाळ्यात वारा वाईट नसतो, पन त्याच्यासाठी रस्ता कोन आडवतंय? तार जाऊ दे खालनं, मेंढरं जाऊ दे वरनं. म्हून म्या आधी तार लिवली!"

लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी ओरडले, "मंग अंगठा घेताना टेशन टेशन कामून करत व्हता, बाबा?"

"तू गप रं! तुला येवढं सारं सांगत बसलो असतो तर दिवस मावळला असता."

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

परंतु साहेबांच्या पुढच्या वाक्याने ते हसू थांबले. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटलं. अडचण वेगळी आहे. तार कुठे तुटली ते कोणालाच माहीत नाही. खालच्या गावापासून इथपर्यंत शोधत यायचं म्हणजे महिना सहज जाईल. माणसं कमी आहेत. आणि केंद्राची मुदत तर या महिन्याची. जागा कळली असती तर चार दिवसांचं काम होतं."

 सूनबाईंनी साहेबांचा रिकामा कप उचलला, तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी म्हातारबाबांकडे पाहिले. ते काठीच्या टोकाने ओसरीची माती उकरत होते. मला वाटले, आपला पराक्रम गाजवून झाला म्हणून दमले असतील. तसे नव्हते.

ते उठले. "चला," म्हणाले.

"कुठे?"

"चला तर."

काठी टेकत ते पुढे, मागे साहेब, मागे मी, आणि मागे अख्खी वस्ती. वस्तीच्या खालच्या अंगाला नाला होता; आदल्या उन्हाळ्यात पाणी साठावे म्हणून तो जेसीबीने खोल केलेला. कोरड्या नाल्याच्या काठाने ते बाभळी मोजत गेले आणि तिसऱ्या बाभळीपाशी उभे राहून त्यांनी काठी मातीत रोवली.

"इथं."

एका पोराने हाताने माती बाजूला केली. वीतभर खाली काळ्या केबलचे तुटके टोक निघाले.

साहेब आधी केबलकडे आणि मग म्हातारबाबांकडे बघत राहिले. "आजोबा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"मशीन म्याच उभा केला व्हता. डायवर म्हनला, बाबा, काळं कायतरी आडवं आलंय. म्या म्हनलं, मूळ आसंल, दाब पुढं." काठीने ते टोक उचलत ते म्हणाले, "मूळ नव्हतं. मला तवाच कळलं. म्हून वरनं माती लोटली."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. शासकीय केबल तोडल्याचा दंड हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. सूनबाई मात्र साहेबांकडे पाहतच नव्हत्या.

"मामंजी! वरीसभर तुमाला ठाव व्हतं?"

"तू इचारलं व्हय मला?"

"अवो, सगळ्या वस्तीला इचारत फिरले मी!"

"सगळ्या वस्तीला. मला नाय इचारलं."

यावर साहेबांना हसू आवरले नाही. त्यांनी नाल्याच्या तळाकडे बोट केले. "खोदलं ते पाण्यासाठीच ना? लागलं का पाणी?"

"थेंब नाय."

"मग शिक्षा झालीच तुम्हाला. आता कागदावर काय लिहू तेवढं सांगा."

हा प्रश्न माझ्या अधिकारातला होता. मी पुढे झालो, त्याच बाभळीखाली बसलो आणि गुडघ्यावर कागद ठेवून जागेचा पंचनामा लिहिला. दुष्काळनिवारणार्थ ग्रामस्थांनी श्रमदानाने हाती घेतलेल्या नाला खोलीकरणाच्या सार्वजनिक कामात, यंत्रचालकाच्या अनवधानाने, सदर केबलला बाधा पोहोचली असावी असे दिसून येते. "असावी असे दिसून येते" या शब्दांत जे सामर्थ्य आहे ते साऱ्या वकिलांना ठाऊक असते, पण ते शब्द त्यांना योग्य जागी बसवता येत नाहीत. साहेबांनी वाचले, सही केली आणि म्हणाले, "अर्ज तुम्हीच लिहिला होता ना?" मी मान लववली.

परतीच्या जीपची वाट पाहताना मी म्हातारबाबांना बाजूला घेऊन सर्व सांगितले. वाक्य सुंदर झाले म्हणून वाचून दाखवत होतो, खाली पाहिले नाही, कागदांची अदलाबदल झाली, दोष सर्वस्वी माझा. फी परत करण्याचीही तयारी दाखवली.

त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतले. "मला जीपमधीच वाटलं व्हतं कायतरी झालंय. तुमचं तोंड मेलेल्या मेंढरावानी झालतं." मग चिमूट गालात ठेवून म्हणाले, "आता कोनाला सांगू नका. वस्ती म्हनू राह्यली, बाबानं लई दूरचा इचार केला. म्हनू द्या."

ते हयात होते तोवर मी कोणाला सांगितले नाही. त्यांनी मला पुढे एकदा स्वतःच परवानगी दिली, "मी गेल्यावर सांगा, मंग मला कोन हसनार?" म्हणून आज लिहीत आहे.

रेल्वेकडे गेलेल्या अर्जाचे उत्तर दिवाळीच्या आधी आले. बचत गटाच्या सहा भगिनींना उद्देशून लिहिलेले, की स्टेशनाबाबतच्या आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. त्या बायकांनी स्टेशन मागितलेच नव्हते. पण इतक्या मोठ्या खात्याचे पत्र प्रथमच आले, म्हणून त्यांनी ते बचत गटाच्या पेटीत जपून ठेवले आणि नंतर कोणी रेल्वेचा विषय काढला की त्या "आमचं बोलनं चालू हाय" असे सांगू लागल्या.

साहेबांच्या भेटीनंतर सहाव्या दिवशी तार जोडली गेली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी तिथे नव्हतो, परंतु त्यानंतर माझ्या टेबलावर त्या बाजूचे लोक कमी कमी येऊ लागले, त्यावरून दिवा चांगला पेटलेला असल्याचे मला समजले. माझ्या शेजाऱ्यांनी टेबलाची मागणी अनेकदा केली. मी ते अजून दिलेले नाही. दिसत नसलेल्या गोष्टीवर सरकारने खर्च करावा का, या वादात मी आता तारेच्या बाजूने बोलतो. रेल्वे येवो, मी पेढे वाटायला जाईन. पण स्टेशनाचा अर्ज कोणी लिहायला आले, तर मी आधी विचारतो की तुमच्या गावात आधीपासून काय मुके पडले आहे.

त्याच दिवाळीनंतर मी एका वारसनोंदीच्या कामासाठी त्या वस्तीवर गेलो होतो, त्या सकाळी कळप निघत होता. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले, कुत्री भोवती फिरत होती, मेंढरांची धूळ ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आलेली. सूनबाईंचे पती पुढे, म्हातारबाबा मागे. सूनबाई दारात उभ्या होत्या. अंगावर शाळेचा गणवेश घातलेली मुलगी त्यांच्या पदराला धरून होती.

म्हातारबाबा थांबले. "सूनबाई, तुझ्या डब्यात बघून सांग, गंगापूरकडं ऊसतोड कुठल्या रानात लागली. मेंढरांना खायाला उसाची वाढं कुठं मिळत्याल ते. उगा चार कोस फिरवू नको."

"सांगते मामंजी. फोन चार्ज ठेवा मात्र. मागल्या खेपेला बंद व्हता."

"बंद नव्हता. मला उचलता येत नाय."

"हिरवं दाबायचं."

"हिरवं तर समदंच हाय त्यात," असे म्हणत ते कळपामागे चालू लागले. मुलगी शाळेकडे पळाली. आत बाकावर दोन माणसे दाखल्यासाठी बसली होती; सूनबाईंनी एकदा धुळीकडे पाहिले आणि त्यांतल्या पहिल्याला विचारले, "काका, आधार आनलं का?"